मॅडम, फाईल उघडून नाही राहिली

आमच्याकडे 'फाईल उघडत नाही' असं कुणी म्हणत नाही. 'उघडून नाही राहिली' म्हणतात. पुण्या-मुंबईच्या मंडळींना आमचं हे 'करून राहिलो, येऊन राहिलो' ऐकून गंमत वाटते. मला त्यात पोराचा गेलेला वेळ ऐकू येतो. पोरगं कधीचं त्या फाईलवर बोट दाबत बसलंय, गोल चाक फिरतंय, बाप शेजारी उभा राहून 'आण इकडं फोन' म्हणतोय, आणि तरी ती उघडून नाही राहिली.

मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला, एका खेड्यातल्या हायस्कूलमध्ये मराठी आणि इतिहास शिकवते. वर्गात गावातली मुलं असतात, आजूबाजूच्या खेड्यांतली असतात आणि दोन-तीन कोलाम पोडांवरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवरचीही असतात. घरोघरी कापूस, सोयाबीन, तूर. शाळा सुटली की वावर, वावरातून आलं की अभ्यास.

२०२० च्या आधी आमच्यात कागद होता. मी स्वतः शाळेत असताना चाचणीचे पेपर सायक्लोस्टाईलवर निघायचे. गुरुजी स्टेन्सिल कापायचे, शिपाईकाका रूळ फिरवायचे आणि पेपर हातात आला की बोटाला शाई लागायची. पुढे तालुक्याला झेरॉक्स आलं. शिक्षिका झाल्यावर मी कित्येक वर्षं शनिवारी बाजाराच्या पिशवीतच झेरॉक्सचा गठ्ठा आणला. सोमवारी तो पहिल्या बाकावर ठेवायचा, एकेक घेत मागे सरकवायचा. कमी पडला की शेवटच्या बाकावरून कुणीतरी उभं राहायचं: 'मॅडम, मले नाही भेटला.' कोणाला मिळालं नाही, हे मला डोळ्यांनी दिसायचं. तेव्हा त्याची किंमत कळली नव्हती.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, २६ जूनच्या आसपास उघडतात. २०२० मध्ये कोरोनामुळे वर्ग उघडलेच नाहीत. आणि लगेच, २९ जूनला, केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. बातम्यांमध्ये सगळी चर्चा टिकटॉकची झाली. माझं लक्ष त्या यादीतल्या दुसऱ्या तीन नावांवर होतं: शेअरइट, झेंडर आणि कॅमस्कॅनर. पहिल्या दोन अ‍ॅपनी इंटरनेट नसताना एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये मोठ्या फाईल झटक्यात जायच्या. गावातली पोरं पानठेल्यावर बसून याच मार्गाने गाणी-सिनेमे भरून घ्यायची. पोडावर नेटवर्क नाही, तर महिन्यातून दोनदा जाऊन असाच अभ्यास भरून द्यायचा, असा मी बेत केला होता. तिसऱ्या अ‍ॅपने वहीच्या पानाचा फोटो स्वच्छ होऊन त्याची पीडीएफ व्हायची. बंदीच्या कारणांवर मला काही म्हणायचं नाही. पण शाळेचं वर्ष सुरू होता होता आमच्या हातातली ही साधनं गेली, एवढं खरं. राहिलं ब्लूटूथ. ते हळू चालतं, पण कुणाचं नेटवर्क मागत नाही.

वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. आठवीत ४३ मुलं, स्मार्टफोन २६ घरी. तोही बहुतेक ठिकाणी वडिलांचा. म्हणजे सकाळी सातला फोन वावरात जाणार आणि दिवेलागणीला घरी येणार. पहिली फाईल टाकली आणि अर्ध्या तासात ग्रुपवर अंगठे उमटले. एक, दोन, पंधरा, वीस. मला बरं वाटलं.

माझी आजी रेशनच्या दुकानात अंगठा लावायची. अंगठा म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याची सही, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. आणि तरी त्या वीस अंगठ्यांकडे बघून मी समजले की मुलांनी वाचलं. बऱ्याच उशिरा कळलं की त्यांतल्या कितीकांनी फाईल उघडलीच नव्हती. 'मॅडमनं पाठवलं, मॅडमले काहीतरी म्हणावं लागते,' म्हणून अंगठा. उघडली नाही असं लिहिलं तर ग्रुपवर सगळ्या गावासमोर आपला फोन साधा आहे, आपल्याला जमत नाही, हे उघडं पडणार. त्यापेक्षा अंगठा सोपा.

ज्या मुलांनी हिंमत करून 'उघडून नाही राहिली' लिहिलं, त्यांनीच मला पुढचं सगळं शिकवलं.

पहिला धडा वजनाचा. मी हाताने काढलेल्या टिपणांच्या १४ पानांचे फोटो काढून एकत्र करून पाठवले होते. फाईल झाली ४५ एमबीच्या वर. तालुक्याला घरी बसून मला ते जाणवलं नाही. आमच्या गावच्या वरच्या आळीला मात्र फोनच्या कोपऱ्यात नुसता 'ई' दिसतो, जुन्या मंद नेटवर्कची खूण. त्या वेगाने ही फाईल उतरायला तासभर लागणार, आणि मधे फोन वाजला, नेटवर्क गेलं, की पुन्हा पहिल्यापासून. तीच १४ पानं मी टाईप करून पाठवली तेव्हा फाईल दोनशे केबीतही बसली. अक्षरं तेवढीच, मजकूर तोच. पानाचा फोटो म्हणजे कागदाचा रंग, सुरकुती, माझ्या हाताची सावली, सगळंच मुलांच्या डेटावर लादणं. तेव्हापासून पाठवायच्या आधी मी फाईलचं वजन बघते, भाजी घेताना काटा बघावा तसं.

दुसरा धडा दाराचा. मोठ्या फाईल ड्राईव्हवर ठेवून त्याची लिंक द्यायची, असं एका प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी दिली. रात्री माझ्या मेलवर परवानगी मागणाऱ्यांची रांग लागली आणि एकही नाव ओळखीचं नाही. आमच्याकडे बहुतेकांच्या फोनमधलं मेलचं खातं मोबाईलच्या दुकानदाराने फोन विकताना उघडून दिलेलं असतं. त्यामुळे माझ्या दाराशी माझीच मुलं उभी होती, पण भलत्याच नावांनी. लिंक देताना 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय निवडायचा असतो, तो मी निवडला नव्हता. चूक साधीच, पण त्या रात्री ती मुलं अभ्यासाविना राहिली.

तिसऱ्या धड्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे.

ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आदल्या आठवड्यात, मी आणि आमचे एक सर पोडावर गेलो. पाऊस उघडला होता, दोन्हीकडे पऱ्हाटी कमरेला लागलेली. मधल्या चावडीत मुलं जमली. त्यांत माझ्या आठवीच्या वर्गातला एक मुलगा होता. वर्गात कधी फारसा न बोलणारा. मी आदल्या आठवड्यात मराठीची सराव प्रश्नपत्रिका पाठवली होती आणि आवाजात निरोप टाकला होता: 'सगळे प्रश्न वहीत उतरवा आणि खाली उत्तरं लिहा.' पोडावरचा एक तरुण रोज रस्त्याच्या कामावर जायचा. गावाशी आला की त्याच्या फोनमध्ये फाईल उतरायची आणि संध्याकाळी तो पोरांसमोर फोन धरायचा.

मुलाने वही पुढे केली. समास आखलेला. वर डाव्या कोपऱ्यात तारीख. आणि खाली पानभर इंग्रजी अक्षरं. शब्द नव्हतेच, नुसती अक्षरं. मधेच अर्धविराम, मधेच कंस, मधेच एखादं मोठं अक्षर. आकडे तेवढे ओळखू येत होते आणि प्रत्येक आकड्याभोवती त्याने पेन्सिलने गोल केला होता. अशी अडीच पानं. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरासाठी चार-चार ओळी मोकळ्या सोडलेल्या.

'हे काय लिहिलं, बाळा?'

'तुम्ही पाठवलेलं, मॅडम.'

'समजलं का?'

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, 'मले वाटलं, नवीन भाषा आहे.'

प्रश्नपत्रिका तालुक्याच्या एका डीटीपीच्या दुकानातून टाईप करून आणलेली होती, कृतिदेव फॉन्टमध्ये. मी तिची वर्ड फाईल तशीच पुढे ढकलली होती. या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या पोटात मराठी अक्षर नसतंच. पोटात असतो इंग्रजी डी. फॉन्ट त्याला क चा मुखवटा घालतो. ज्या फोनमध्ये तो फॉन्ट नाही तिथे मुखवटा गळून पडतो आणि खालचा डी दिसतो. माझ्या कॉम्प्युटरवर मुखवटा होता, म्हणून मला मराठी दिसत होतं. पोडावरच्या फोनमध्ये नव्हता.

त्या मुलाच्या घरी कोलामी बोलतात. पहिलीत आला तेव्हा मराठी त्याला परकी होती, मग हिंदी परकी, मग इंग्रजी परकी. शाळेतून येणारी प्रत्येक भाषा पहिल्यांदा त्याच्यासमोर अशीच, न कळणाऱ्या अक्षरांची उभी राहिली होती. मग ही आणखी एक असेल, असं त्याला वाटलं, तर त्यात त्याचं काय चुकलं? दुसऱ्या मुलांनी अंगठा दिला असता. त्याने मॅडमचा शब्द मानून अडीच पानं उतरवली.

मला पुढे काय बोलावं सुचेना. मग माझीच बोटं हलली. डी.एड. करण्याआधी मी टायपिंगच्या क्लासला जायची. 'मराठी ३०'ची शासकीय परीक्षा मी रेमिंग्टनच्या मशीनवर पास झाले होते आणि कृतिदेवची मांडणी त्याच मशीनवरून आलेली. अक्षर डोळ्यांना आठवत नाही, पण बोटांना आठवतं. मी वही मांडीवर घेतली आणि हवेत टाईप करत वाचायला लागले. पहिली ओळ: ई, जे, के, मोठा बी, एच. ई वर म, जे वर र, के वर काना, मोठ्या बी वर ठ, एच वर दीर्घ वेलांटी.

'मराठी,' मी म्हणाले.

तो जवळ सरकला. मी दुसरी ओळ वाचली, तिसरी वाचली. पहिला प्रश्न पूर्ण मराठीत म्हणून दाखवला, त्याच्याच अक्षरातून. अडीच पानांत त्याने दोनच अक्षरं सोडली होती. फळ्यावरचं सरळ मराठी उतरवताना वर्गातल्या हुशार मुलांच्याही याहून जास्त चुका होतात.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, 'मॅडम, हा एफ लय खेप आला. अन् त्याच्या मागून दरवेळी दुसरं अक्षर येते.' बरोबर होतं त्याचं. एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. मशीनवर ती अक्षराच्या आधी मारावी लागते. अर्थ कळत नसताना त्याने उतरवता उतरवता लिपीचा नियम पकडला होता.

माझं माहेर मोर्शी तालुक्यातलं. महानुभावांचं तीर्थक्षेत्र रिद्धपूर आमच्याच तालुक्यात. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले, ज्याच्या हाती किल्ली त्यालाच वाचता यावं म्हणून. ते जाणूनबुजून केलेलं होतं, आणि शिष्याला किल्ली दिली जायची. मी आठवीच्या मुलाला किल्लीशिवाय लिपी पाठवली आणि मनात धरून चालले की मराठी पाठवलं.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी सगळी प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये पुन्हा टाईप केली. युनिकोडमध्ये क ला स्वतःचा क्रमांक आहे. कुठल्याही फोनात तो क च राहतो, फार तर वळण बदलतं. देवनागरी तिथे १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि आम्ही २०२० मध्ये दुकानातून मुखवटे आणत होतो. मराठीची शिक्षिका म्हणून मला मंगल फॉन्टमधले हिंदी वळणाचे ल आणि श खुपतात, पण त्या रात्री ते खुपणं मी बाजूला ठेवलं. आधी अक्षर पोचू दे, वळणाचं नंतर बघू.

तेव्हापासून माझी फाईल साधी असते. एक किंवा दोन पानं, मोठी अक्षरं, युनिकोड, पीडीएफ. वर्ड पाठवत नाही, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट आत बांधून जाऊ शकतो आणि ओळी जागच्या जागी राहतात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पण आख्खं पुस्तक पाठवण्यात अर्थ नाही, हवी तेवढी पानं काढून पाठवते. फाईलला नाव देते: 'आठवी मराठी पत्रलेखन'. आधी माझ्या फाईली मुलांच्या फोनात 'डॉक', मग तारीख, मग 'डब्ल्यूए' आणि चार आकडे अशा नावांनी पडून राहायच्या. पंधरा दिवसांनी पोराने शोधायचं तरी कसं? आणि तोच मजकूर साध्या मेसेजमध्येही टाकते, म्हणजे फाईल उघडली नाही तरी वाचता येतो. एक छापील प्रत गावातल्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर लावायची, ही कल्पना आमच्या शिपाईकाकांची. दळण होईपर्यंत पोरं तिथे बसून उतरवून घेत. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्या १७ मुलांपैकी बरीचशी मला गिरणीवर भेटली.

मुलांकडून माझ्याकडे यायच्या त्या फाईलींबद्दलही सांगायला हवं. वहीच्या पानांचे फोटो. कडेला शेणाने सारवलेली जमीन, कधी कापसाचं बोंड, कधी धाकट्या भावाचा पाय. पानावर फोनची सावली, आणि नेमक्या त्या सावलीत उत्तर. व्हॉट्सअ‍ॅप फोटो बारीक करून पाठवतं, त्यात पेन्सिलीचं अक्षर पार विरून जातं. 'डॉक्युमेंट म्हणून पाठव, आणि वही दाराशी नेऊन फोटो काढ,' हे मी शंभरदा तरी सांगितलं असेल. दाराशी काढलेल्या फोटोत अक्षर स्वच्छ दिसायचं. मी ते रात्री फोनवर बोटाने लाल रेघ ओढत तपासायची आणि एकेकाला परत पाठवायची.

एकेकाला, हे मला एका मुलीने शिकवलं. दिवाळीनंतर मी चाचणीच्या गुणांची यादी करून ग्रुपवर टाकली. ४३ नावं, ४३ आकडे, एक पान. छोटी, हलकी, लगेच उघडणारी फाईल. ग्रुपमध्ये पालकांचे नंबर होते, म्हणजे काका-मामा-शेजारी, सगळेच. २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवीचे वर्ग भरले तेव्हा नेहमी पुढे बसणारी ती मुलगी मागच्या बाकावर दिसली. मधल्या सुट्टीत तिला जवळ बोलावलं. ती म्हणाली, 'मॅडम, माझे मार्क किराणावाल्या काकाले माहीत होते. मले त्याहीनं सांगितले.' मी तिची माफी मागितली. कागदाच्या काळात मी उत्तरपत्रिका उलटी करून हातात द्यायची. ती रीत माझ्या हातात होती, फोनवर आल्यावर मी ती सोडून दिली होती. ती मुलगी पुढच्या बाकावर परत यायला महिना लागला.

आता शाळा रोज भरते, फोन जास्त घरांत आहेत, टॉवरही सुधारला आहे. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपमध्ये धरायला मुलं मला शिकवतात. फाईली मात्र अजून जातात-येतात: गैरहजर राहिलेल्यांसाठी, वेचणीच्या दिवसांत आईबरोबर वावरात जाणाऱ्यांसाठी, दहावीच्या सरावासाठी. आणि फाईल टाकली की अंगठे अजूनही येतात. मी आता अंगठा मोजत नाही. फाईलच्या शेवटी एक छोटा प्रश्न ठेवते, त्याचं उत्तर ज्याने दिलं त्याने उघडली. उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी वर्गात, सगळ्यांसमोर न विचारता, बाकाजवळ जाऊन विचारते.

परवा रात्री पावणेदहाला आठवीतल्या एका मुलीचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, माझ्या नंबरवर. 'मॅडम, फाईल उघडून नाही राहिली.'

मी लिहिलं, 'काय दिसून राहिलं?'

'जागा नाही म्हणते. फोनात दादाच्या लग्नाचे व्हिडिओ आहेत. डिलीट केले तर बाबा रागवतील.'

'नको करू,' मी लिहिलं. फाईलमधला मजकूर कॉपी करून तीन मेसेजमध्ये पाठवला. दहा वाजून गेले होते. वाटलं, झोपली असेल. तेवढ्यात उत्तर आलं.

'भेटलं मॅडम. तिसऱ्यातली शेवटची ओळ अर्धीच आहे.'

मी वर जाऊन बघितलं. खरंच अर्धी होती. उरलेली ओळ टाईप केली आणि पाठवली.